मावशीचं घर माझं मी शोधते

थोरल्या,

फोनमधलं काही विचारलं की तू तो माझ्या, तुझ्या आईच्या, हातातून हिसकावतोस, अंगठा फिरवतोस आणि "झालं" म्हणून परत देतोस. त्यातून मला काय कळणार, कपाळ? मावशीचं नवं घर दाखवतो म्हणत तीन रविवार घालवलेस. शेवटी खालच्या शिंपिणीने फोन माझ्याच हातात ठेवून शिकवलं. आधी अक्षरं मोठी केली. मग नकाशा उघडून माइक दाबला आणि पत्ता बोलले, तर मेला चक्क रस्ता सांगायला लागला! चार्जिंग पुरावं म्हणून उजेडही कमी केलाय.

मी एकटीच निघालेय, मागे येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय. पोहोचले की फोन करीन आणि तुला स्पष्ट ऐकवीन, "लेका, तू हुशार आहेस, पण मास्तर म्हणून साफ नापास!"