मधला पहारा

सोम. २ फेब्रु.
गिरणीत धाकटी जाऊ रंजना भेटली. तिचा नवरा, सुरेशभावजी, ग्रामपंचायतीत वरच्या आळीच्या पॅनेलमधून निवडून आलेला. सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, तू नक्की कुणाची गो?" म्हटलं, दळणाची. नंबर आला का बघ.

गुरु. ५
खालच्या आळीचे काशिनाथदादा आले. त्यांचं पॅनेल हरलं, म्हणून सप्ताह वेगळा करणार. गावची वीणा मामंजींपासून आमच्या देव्हाऱ्याशेजारी, ती मागायला. "वैनी, तुमी तर आमच्याच." ते गेले नि सुरेशभावजी हजर. तेच मागणं, तेच बोलणं. दोघांना सांगितलं, वीणा एक, सप्ताह एक. मिळून न्यायला या. चहाला कुणी थांबलं नाय. दूध उरलं, विरजण लावलं.
हे म्हणाले, "दोन दगडांवर पाय ठेवशील तर पडशील." माझे पाय जमिनीवर आहेत. दगड त्यांनी आणलेत.

शुक्र. ६
नळावर गेले तशा बायका गप्प. एका बाजूचं झालं तर निदान अर्धं गाव बोलेल, असं मनात आलं. पण रस्त्याचं भावजींचं पटतं, पाण्याचं दादांचं. तोंडावर सांगते, म्हणून दोघांना राग. हरिपाठ म्हटला, बरं वाटलं.

शनि. ७
सप्ताह एकच! रंजनानेच घरात ठणकावलं म्हणे, "दोन ठिकाणी जेवणं? मग भाकऱ्या थापायला तुमीच बसा." खालच्या आळीतल्या बायकाही तेच म्हणाल्या. दोघे येऊन वीणा घेऊन गेले, एकमेकांकडे न बघता. दोघांची अट एकच, वीणा गळ्यात घालून उभं राहायच्या त्यांच्या पहाऱ्यांच्या मधे पहारा माझा. मान दिला, बरं वाटलं.

सोम. ९
सप्ताहाचा दुसरा दिवस. कसला मान! वीणा खाली ठेवायची नसते. पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. दादा माझ्या पाया पडतात, भावजी माझ्या पाया पडतात. एकमेकांच्या पडायला नको, म्हणून मी मधे. नुसती भिंत!
यांना सांगितलं. हसले. "मग पाड की भिंत."

मंगळ. १०
दुपार. आज पहाऱ्याला गेले नाय. देवा, माफ कर. रंजनाला सांगून भावजींना आधीच देवळात धाडलंय, प्रसादाचं पातेलं घेऊन. दादांच्या गळ्यात वीणा, समोर भावजी. बाकी बाया जेवणाच्या मांडवात, माझ्या जागी उभी राहायला कुणी नाय. रंजना म्हणाली, "ताई, आज दोघं तुला शिव्या घालतील." घालू देत. मिळून घातल्या तर बरंच.
माझी वेळ कधीच टळली. उठावंसं वाटतंय. नाय, बसते.
टाळ ऐकू येतायत, खंड नाय. वीणा कुणाच्या गळ्यात, ते इथून कळत नाय.