कान शाबूत आहेत

५ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. व्यायामही रोज. व्यायाम उद्यापासून.

दाताचे डॉक्टर गॅरेजवर आले होते. त्यांची जुनी दोन दारांची गाडी, जोड कार्ब्युरेटरवाली. १६ नोव्हेंबरला घाटाची रेस आहे. विचारत होते, काढून टाकू का कार्ब्युरेटर, बसवू का इंजेक्शन? मी म्हणालो, डॉक्टर, कार्ब्युरेटरवर इंजिन स्वतःच्या ओढीनं पेट्रोल घेतं. तहान लागली की माणूस पितो, तसं. इंजेक्शनमध्ये कोणाला किती तहान आहे ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टर हसले. पटलं.

लेक बाजूलाच लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, बाबा, ठरवत नाही, मोजतो. हवा किती गार, किती दाट, एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतंय, सगळं सेकंदाला शंभर वेळा. मी म्हणालो, मला एकदाच पुरतं. एकतीस वर्षं कानानं इंजिन लावतोय.

तिनं स्वतःच्या तसल्याच गाडीला इंजेक्शन बसवलंय. गाडीला हात न लावता ट्यूनिंग. उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय!

८ ऑक्टोबर
कुकर जळाला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. शिट्टी झालीच नाही. बायको म्हणते, अहो, नऊ झाल्या. कुकर बिघडलाय. नवा आणावा.

व्यायाम: हवा खराब होती.

१४ ऑक्टोबर
दारावरची बेल बदलली. या वर्षातली दुसरी. हल्ली मालच हलका येतो.

२१ ऑक्टोबर, दुपार
दोन्ही गाड्या रोलरवर चढवून ताकद मोजली. बाहेर बत्तीस डिग्री. डॉक्टरांची १५८ हॉर्सपॉवर, लेकीची १६१. तीनचा फरक म्हणजे फरकच नाही. मी लावलेली डॉक्टरांची तीन हजार आरपीएमला जरा अडखळते. ते इंजिनाचं कॅरेक्टर. तिची सुतासारखी सरळ चढते. कानामागून आली आणि तिखट झाली.

लेक म्हणाली, बाबा, डॉक्टरांचं इंजिन सात हजारच्या वर खडखडतंय. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. मिश्रण पातळ होतंय, पेट्रोल कमी पडतंय. मी लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. काही नाही. लोण्यासारखं. आयुष्यात इतकं शांत इंजिन लावलं नव्हतं.

शेजारचा वेल्डर तेवढ्यात दोन पावलं मागे सरकला. घाई असेल.

२ नोव्हेंबर
बायको म्हणते, टीव्हीचा आवाज कमी करा, समोरच्यांनी निरोप पाठवलाय. टीव्हीवर हल्ली सगळे पुटपुटतात, त्याला मी काय करू? लेकही पुटपुटते. तिला सांगितलं, स्पष्ट बोलत जा, आत्मविश्वास दिसतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बायकोकडे. दोघींचं काहीतरी शिजतंय.

९ नोव्हेंबर
लेकीनं डॉक्टरांच्या गाडीचे स्पार्क प्लग काढून टेबलावर ओळीनं मांडले. पांढरेफटक. टोकांवर चंदेरी ठिपके. म्हणाली, हे पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे, बाबा, आतून वितळतंय. कार्ब्युरेटरमध्ये मोठ्या भोकाचा जेट घाला, पेट्रोल वाढेल.

पांढरं म्हणजे स्वच्छ जळतंय. तिला म्हटलं, बघू. आणि प्लग पुसून परत लावले.

१५ नोव्हेंबर
लेकीनं माझ्या पाठीमागे डॉक्टरांना फोन केला. उद्या गाडी काढू नका म्हणे. माझ्याच गिऱ्हाइकाचे कान फुंकते! डॉक्टर भला माणूस. मला फोन केला. आवाज फार बारीक येत होता, लाइन खराब. ‘खात्री’ एवढंच कळलं. मी म्हणालो, शंभर टक्के. मी कानानं ऐकलंय.

लेक जेवली नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
घाटाचा पायथा. कडाक्याची थंडी. गाडीच्या काट्यावर पाच डिग्री. गार हवा दाट असते, ताकद वाढते. शुभशकुन.

लेकीची गाडी आमच्या मागे आहे. तिला काही करावं लागत नाही म्हणे, सेन्सर गारवा बघून पेट्रोल आपोआप वाढवतो. आमच्या कार्ब्युरेटरला थंडी वाजत नाही.

लेक आत्ता धावत आली, हातात छोटा डबा. वारा होता. काहीतरी विचारलं. चहाचं असणार. नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो, जरा जोरातच. गेली.

डॉक्टर लाइनीवर लागले. गाडी किती शांत उभी आहे!

१६ नोव्हेंबर, दुपार, हॉस्पिटल
चौथ्या वळणावर पिस्टनला भोक पडलं. तेल तापल्या एक्झॉस्टवर. आग. डॉक्टर स्वतःच बाहेर आले, पण दार ढकलताना उजवा तळहात भाजला. उजवा.

लेकीच्या डब्यात मोठे जेट होते. विचारत होती, दहा मिनिटांचं काम आहे, बदलू का?

वारा फार होता.

१९ नोव्हेंबर
इंजिन उघडलं. भोकातून माझं बोट आरपार जातं. दोनदा घालून पाहिलं. पेट्रोल भेसळीचं असावं.

डॉक्टर आले, हाताला मोठं बँडेज. चार महिने तरी कोणाच्या तोंडात हात घालता येणार नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. समोर बसून, माझ्याकडे बघत, सावकाश बोलले, म्हणून सगळं कळलं. म्हणाले, खडखड मला दुसऱ्या वळणापासून येत होती. पाय उचलणार होतो. पण म्हटलं, तुम्ही ऐकलंय ना.

मी पिस्टन पुसत बसलो. लेक काही बोलली नाही. निदान मला तसं वाटलं.

२३ नोव्हेंबर
बायको आणि लेकीनं कानाच्या दवाखान्यात नेलं. गेलो, कारण दोघींना एकदाचं सिद्ध करून दाखवायचं होतं.

काचेची खोली. जाड दार. तिथल्या बाईंनी कानांवर हेडफोन बसवले, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. मी ताठ बसलो. डोळे मिटले. बटणावर अंगठा तयार. इतकं लक्ष मी कुठल्याच इंजिनाला दिलं नव्हतं. एकदोनदा काहीतरी आल्यासारखं वाटलं, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. म्हटलं, मशीन अडकलं. इलेक्ट्रॉनिक माल, दुसरं काय होणार?

डोळे उघडले तर लेक समोर उभी. हेडफोन तिनंच काढले. मी विचारलं, सुरू कधी करणार?

ती गुडघ्यांवर बसली, तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि जोरात म्हणाली, बाबा, झाली टेस्ट. वीस मिनिटं चालू होती.