राजाचा विदूषक आणि देवळाची फरशी

पापाकुरा, ऑकलंड

तीर्थस्वरूप मोरूदादांस,

धाकट्या पुरुषोत्तमाचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच). सुलभावहिनींच्या पाठदुखीला उतार पडला असेल. आम्ही तिघं देवाच्या कृपेने ठीक आहोत. आपल्या देवळाच्या सभामंडपात दगडी फरशीवर चकचकीत टाइल्स बसवायला माझी संमती आहे ना, असं तुम्ही विचारलंत. उत्तराला उशीर झाला, कारण गेले तीन आठवडे मी फ्रान्सच्या राजाचा विदूषक होतो.

इथल्या मंडळाने नाटक बसवलं होतं. लेखक, दिग्दर्शक आणि राजा, तिन्ही चारुदत्तच (पुण्याचे, हिल्सबरोला राहतात, आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहेत). मी ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी रचणारा माणूस. मला विदूषक का केलं, तर म्हणे, "तुमचा चेहरा गंभीर आहे, लोक जास्त हसतील." सरलाने जुन्या साडीची दोन कानांची टोपी शिवली आणि कानांना मांजराच्या पट्ट्याच्या घंट्या लावल्या. ती डोक्यावर ठेवूनच मी तालमीला ट्रेनने निघालो (पिशवीत चुरगळली असती). ईशा "बाबा, आय डोंट नो यू," म्हणत पुढच्या डब्यात जाऊन बसली. समोरच्या माओरी आजी मात्र म्हणाल्या, "किआ ओरा! यंदा ख्रिसमस एप्रिलमध्येच का?"

खरी अडचण राजाच्या भाषणाची होती. दुसऱ्या अंकात राजा वीस मिनिटं एकटाच बोलायचा, आणि हॉल तर नऊला रिकामा करून द्यायचा. राणी झालेल्या स्नेहलताबाई तिसऱ्या तालमीला सिंहासनावरच झोपल्या (राणी चिंतनात आहे असं वाटून चारुदत्तांनी त्यांचं कौतुक केलं). शेवटी सगळ्यांनी मला गाठलं. "काका, तुम्हीच सांगा. विदूषकाला सगळं माफ असतं."

ते खोटं नाही, दादा. मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी फ्रान्सचं आरमार बुडवलं, तेव्हा राजाला ती बातमी सांगायला एकही सरदार धजेना. मग म्हणे विदूषक पुढे झाला आणि म्हणाला, "महाराज, इंग्रज खलाशी भारी भित्रे! आपल्या शूरांसारखी समुद्रात उडी मारायची त्यांची छातीच झाली नाही."

मलाही स्फुरण चढलं. तालमीत ऐन भाषणात टोपी घालून मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "महाराज, आपलं भाषण ऐकून शत्रू शरण आला. पाठोपाठ आपलं सैन्यही." चारुदत्त पोट धरून हसले. "भन्नाट! हे ठेवायचंच!" मग त्याला राजाचं उत्तर हवं म्हणून त्यांनी तेही लिहिलं. भाषण तेवीस मिनिटांचं झालं.

सकाळी देवापुढे दिवा लावताना कोडं सुटलं. त्या फ्रेंच माणसाला नुसती बातमी पोचवायची होती, मला मत बदलायचं होतं. घंट्या वाजवत सांगितलेलं लोक हसून सोडून देतात. पुढच्या तालमीला टोपी काढून हातात धरली आणि सरळ म्हणालो, "चारुदत्त, भाषण लांब आहे. पाच मिनिटांचं करा." ते खाली बसले आणि पेन मागितलं. "पाच नाही, सहा," म्हणाले. प्रयोग रंगला. जास्त टाळ्या राजालाच पडल्या (हेही कळवलेलं बरं).

बाकी सर्व क्षेम. वहिनींना आमचे नमस्कार.

तुमचा,
पुरुषोत्तम

ता. क. : हे बोडक्या डोक्याने लिहितो आहे. दादा, टाइल्स नकोत. त्या दगडावर पालथं पडून मी पाढे पाठ केले, पोटाला गार लागायचा. आईने रोज धुऊन धुऊन त्याला जी झळाळी आणली, ती कारखान्यात तयार होत नाही. माझी संमती नाही.

ता. क. २ : टाइल्सची गाडी आली नाही म्हणून दुकानदारावर ओरडू नका. सोमवारी "मोरेश्वर बोलतोय, माल थांबव," असा फोन त्याला आला, तो मी केला होता. आपला आवाज सारखाच आहे, हे तुम्ही जाणताच. देवापुढे कान धरून झाले आहेत, तुमच्यापुढे दिवाळीत येऊन धरतो. नंबर परदेशातला कसा, असं त्याने विचारलं खरं. पण मी तुमच्यासारखा त्याच्या अंगावर खेकसलो, तेव्हा त्याची लगेच खात्री पटली.