न मागितलेलं पाणी

ऐन झरीफा, ३ जून

चि. अन्वार यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

यम्माचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच. राजधानीत, राबातला जाऊन साहेब झालास, पण वेळेवर जेवतोस का, असं तिने आईच्या काळजीने विचारलंय.

बातमी अशी, की आपल्या नळाला दिवसभर पाणी येतंय! नगरपालिकेने पाणी कंपनीच्या हाती दिल्यापासून गल्लीत सकाळी जेमतेम तासभर धार येते. गेल्या आठवड्यात कंपनीच्या माणसांनी दाराशी खणलं, बुजवलं, आपलाच चहा पिऊन गेली. शेजारची लल्ला तामू म्हणते, भाऊ पाणीदर मंडळावर असला की नळसुद्धा ओळख दाखवतो. मी हसले. ती नाही हसली. तू कुणाला काही बोललास का रे?

आठवण काढत जा, एवढंच मागणं.
तुझी बतूल

राबात, ९ जून

ती. लल्ला बतूल हिस सलाम. वि. वि.

जेवतो, असं यम्माला सांग. मी कुणाला अवाक्षर बोललेलो नाही. कंपनीला दर वाढवून हवेत, आणि याच महिन्यात आम्हा पाच जणांना निकाल द्यायचाय. मी विरोधात आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हे पाणी लाच असेल, तर मी न घेताच घेतली की काय? काहीच सुचत नाही. ते बंद करून घे.

लोभ आहे तेवढा टिकव.
अन्वार

ऐन झरीफा, १५ जून

चि. अन्वार यास आशीर्वाद. वि. वि.

कंपनीत जाऊन आले. पाणी बंद करा म्हटलं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, गढूळ येतं का? म्हटलं, नाही. कमी येतं? म्हटलं, फार येतं! त्यांनी साहेबांना बोलावलं. पाणी येतंय अशी तक्रार घेता येत नाही म्हणाले. जोडून कुणी दिलं, तेही त्यांना सांगता येईना. नगरपालिकेत गेले, तर पाणी आता आमचं नाही म्हणाले. शेवटी नळाला रबरी नळी लावून गल्लीत सोडली. बायका भरतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. यम्माचा निरोप : डोकं शांत ठेव आणि मत दे.

बतूल

राबात, २३ जून

ती. लल्ला बतूल हिस सलाम. वि. वि.

मत दिलं नाही. घरी असं पाणी येत असताना कुठल्या तोंडाने बसू? अध्यक्षांना सगळं सांगून बाहेर पडलो. त्यांनी पाठ थोपटली, अशी माणसं आता राहिली नाहीत म्हणाले. मागे उरले चौघे. दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत दोनदा धरतात. दर वाढले. मी प्रामाणिक वागलो की गाढवासारखा, तूच सांग.

अन्वार

ऐन झरीफा, ३० जून

चि. अन्वार यास आशीर्वाद. वि. वि.

पाण्याचं कोडं शेवटी कंपनीतच उलगडलं. प्रांताधिकाऱ्याच्या मेव्हण्याने मागच्या रस्त्याला लोकांच्या आंघोळीसाठी नवा हमाम बांधलाय. त्याच्यासाठी टाकलेला जाड पाइप आपल्या दारावरून गेला, आणि घाईत आपला नळ चुकून त्यालाच जोडला गेला. तुझ्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता. हे घर तुझं, हेही कंपनीला माहीत नव्हतं! लल्ला तामूला सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे पोरगा उगीचच उठला? तू बसला असतास तर दर वाढले नसते; आणि बसला असतास, तर मीच तुला बोलले असते. कुणावर रागवायचं तेच कळत नाही.

आज चूक दुरुस्त करायला माणसं आलीत. आधी हमामचा पाइप कुणाच्या हुकमाने टाकलात ते सांगा, म्हणून बायका त्यांना खणू देत नाहीत. मी दारात बसूनच हे लिहितेय. शेजारी जागा ठेवलीय. इथे बसलास तर उठून जायचं कारण नाही. ये.

बतूल