न्हावीकाकांचं पथ्य

४ मार्च

सर्जरी विभागात मला टेबल मिळालं! नळाशेजारी. कागद भिजतात, पण टेबल आहे.

आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटचं ऑपरेशनआधीचं रक्त घ्यायचं. त्यातलं आल्ब्युमिन नावाचं प्रथिन, पांढऱ्या पेशी – सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. मग ऑपरेशननंतर कोण किती तगतं ते बघत राहायचं. आकडा कमी म्हणजे अंगात पोषण कमी, धोका जास्त. यावर माझा प्रबंध.

आईला समजावून सांगितलं. म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि शेवटी ज्योतिषीच झालीस की." बाबा हसता हसता खोकायला लागले.

९ मार्च

नवा पेशंट न्हावी आहे. आल्या आल्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची दाढी करून दिली. मी रक्त घेताना माझ्या केसांकडे बघून म्हणाले, "पोरी, तेलाशी भांडण आहे का?" ऑपरेशन पंधरवड्याने.

आकडा काढला. आजवरचा सगळ्यात कमी. परत काढला. तोच.

१० मार्च

प्रबंधाच्या सरांना सांगितलं. "लिहून ठेव. आपण फक्त बघतोय. ढवळाढवळ केली तर अंदाजाला अर्थ काय राहील?"

पटलं. तरी माझा जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत आला.

१२ मार्च

न्हावीकाकांसाठी त्यांच्या बायकोने, काकूंनी, आणलेला डबा पाहिला. नुसतं पातळ सूप! अंडी बंद, दूध बंद, डाळसुद्धा बंद. जावेने एक सांगितलं, शेजारणीने दुसरं, दुकानातल्या गिऱ्हाइकाने तिसरं. काकूंनी सगळ्यांचं ऐकलं. "आजारी माणसाला पथ्य नको का?"

काका म्हणाले, "हिच्या पथ्यातून वाचलो, तर कॅन्सरचं बघू."

काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले. जीव तोडून जपतेय ही बाई. आणि माणूस वाळत चाललाय.

१३ मार्च

राहवलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंना खाटेपाशी घेऊनच गेले. खरं तर आमच्याकडे त्या ऑपरेशननंतरच येतात. त्यांनी रिपोर्ट पाहिले – आतड्यात अडथळा नाही, मग उपास कशाला? अंडी, दही, डाळ. थोडं थोडं, पण दिवसभर.

काकूंनी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं कुणी?"

आकडा तर माझ्याकडे होता.

१४ मार्च

सरांना स्वतःच सांगून टाकलं.

"अभ्यासातला एक पेशंट घालवलास."

"हो सर."

काकांचं नाव कटाप. वाईट वाटायला हवं होतं, नाही का?

२१ मार्च

काकू आता दुसऱ्या टोकाला. काका म्हणतात, "सर्जनची गरजच नाही, हीच पोट फोडणार."

२५ मार्च

ऑपरेशन झालं. आदल्या दिवशीचा आकडा जेमतेम वर सरकला होता. माझा चेहरा बघून सर म्हणाले, "इतक्या दिवसांत एवढाच चढतो. त्यांच्यात बळ आलंय, ते बघ."

२ एप्रिल

ताप नाही, टाके कोरडे. काका आजोबांची दाढी करून, सगळ्यांना टोमणे मारून घरी गेले. पुढे काय, ते कुणी सांगावं? मी तर नाहीच. माझ्या अभ्यासात ते नाहीत.

६ एप्रिल

सरांनी नवा नियम काढला. आकडा कमी आला, की त्याच दिवशी पेशंट आहारतज्ज्ञ बाईंकडे. ऑपरेशनच्या आधी. प्रत्येक पेशंट. म्हणजे नुसतं बघत बसायला कुणी उरणारच नाही.

आईला फोन केला. "माझा प्रबंध बुडाला."

"मग हसतेस कशाला?"