मला ओलांडून गेलेला प्रश्न

गुरुजी, तुमचा दमा आता कसा आहे? घरच्या बाईंचे गुडघे? शाळेच्या व्हरांड्यात बांधायचात ती लंगडी शेळीही तिकडंच असेल, तिलाही विचारलंय म्हणून सांगा. आमचं बरं आहे. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षर लई स्वच्छ दिसतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

अंबाजोगाईला शिकणाऱ्या नातीच्या डिक्शनरीत परवा एक शब्द दिसला, प्रिटरमिट. म्हणजे कुणाला, कशाला वगळून पुढं जाणं. नात हसली, "आबा, हा इंग्रजांनासुद्धा येत नसंल. कोर्टाच्या कागदात असतो. बापानं मृत्युपत्रात एखादं लेकरू सोडलं की लावतात." मी म्हटलं, "विसरून सोडलं का जाणून?" "दोन्हीला चालतो." झालं. माझा तुमच्यावरचा जुना संशय पुन्हा उठून बसला.

तुम्ही रांगेनं इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारत यायचात. चुकला की छडी. माझ्यापाशी आलात की नजर थेट पलीकडच्यावर. आम्ही ऊसतोडीहून परीक्षेच्या तोंडावर परतायचो, निम्मी शाळा बुडालेली. मागं केजच्या बाजारात तेव्हाचा वर्गातला जोडीदार भेटला, तो म्हणतो, "आरं, उसाच्या पाल्यानं तुझे हात आधीच चिरलेले. त्यावर छडी कशी मारतील?" असेल. पण मारायचं नव्हतं तर नसतं मारलं, विचारायचं तरी! का दिवाळीनंतर जाणाऱ्या पोराला विचारून काय उपयोग, असं होतं तुमच्या मनात?

एक दिवस तुम्ही "बुलक" विचारलंत. माझ्या अलीकडचा म्हणाला, "म्हैस!" वर्ग हसला. "मग दूध काढून आण तिचं," म्हणत तुम्ही त्याला छडी दिलीत आणि मला ओलांडून पुढं निघालात. मी हात पुढं केला, छडीसाठीच. तुम्ही थांबलात, खिशातला खडू माझ्या तळहातावर ठेवलात, आणि गेलात. त्याच खडूनं पुढच्या हंगामात बैलगाडीच्या फळीवर अक्षरं गिरवली, नखाएवढा होईस्तोवर. तरी विचारतो, तो खडू दिलात, का देऊन मोकळे झालात?

पाकिटावर तुमचं नाव घातलंय. तुम्ही दोघं वर गेलात, तिकडचं गाव खाली कुठलं लिहू ते सुचेना, म्हणून ट्रंकेवर पडून आहे. एक मात्र तुम्हाला कधी बोललो नाही. त्या दिवशी मला येत होतं, गुरुजी. तो धडा मी उसाच्या फडावर आमच्या बैलांनाच वाचून दाखवला होता. आता तरी विचारा, आणि लवकर लिहा.