नको वाटतंय

८ बहमन १३४६ फसली, बीदर
आज कचेरीत गंगूची जबानी. भालकीकडची पोर, अठराच्या आतबाहेर. नवरा शरणप्पा हा तिचा सख्खा मामा. नांदायला येत नाही म्हणून त्यानं दावा लावलाय. आई नागाबाई मधे उभी, एकीकडे भाऊ, एकीकडे लेक. मी मुतर्जिम. पोरीची मराठी मुन्सिफसाहेबांना उर्दूत सांगायची.

मारलं का? "न्हाई."
उपाशी ठेवलं? "न्हाई."
मग कामून जाईनास?
पदराचं टोक पिळत राहिली. "नको वाटतंय."

मी म्हटलं, "जी नहीं चाहता." साहेब हसले. "जी तो हमारा भी नहीं चाहता कचहरी आने को." सगळे हसले. शरणप्पासुद्धा.

९ बहमन
आंघोळ करताना शब्द शोधत होतो. इन्कार? ती नाकारत नाही. तअम्मुल? म्हणजे कांकू, समजूत घातली की जाईल असं होतं. खौफ म्हटलं तर दाव्यात कारण मिळतं, पण भीती हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. आईदेखत मामाबद्दल काय काढणार? शेवटी सापडला. कराहत. ताट पुढं आलं की शिसारी येऊन तोंड फिरतं, तसं.

कचेरीत तो फोड करून सांगितला. शरणप्पाचा वकील उठला, "मुतर्जिम अपनी तरफ़ से मिला रहे हैं." साहेबांनी विचारलं, बाई किती शब्द बोलली? दोन. "तो आप भी दो ही कहिए." मग स्वतःच्या हातानं लिहिलं: बिला वजह इन्कार. विनाकारण नकार. झालं.

१४ बहमन
हुकूम. गंगूनं नांदायला जावं.

फाटकाशी नागाबाईनं गाठलं. "रावसाब, तुमी शाणी मानसं. येक चांगला शबुद घातला असता तर काय बिघडलं असतं?"
माझं डोकं फिरलं. म्हटलं, तूच का नाही बोललीस? तुला ठाऊक आहे ना तिथं काय चालतं ते?
खाली बघून म्हणाली, "भाऊ हाय वो माझा. आईमाघारी मीच वाढविला त्याला."
मग पदर डोक्यावर ओढून फाटकाबाहेर पडली.

घरी बायकोचं, सरूचं, एकच, दुसऱ्याच्या पोरीपायी ताटावरून काय उठता? उठलो तरी.

२ इस्फंदार
शरणप्पानं गंगूला नेलं. त्याच्या गावापर्यंत, कमलनगरपर्यंत, गाडीपुढं हलगी. आज कचेरीत पेढे आले त्याच्याकडून, कोर्टानं संसार जोडला म्हणून. माझ्याही टेबलावर ठेवले कुणीतरी. मी हात लावला नाही. कारकुनांनी मिटक्या मारत खाल्ले.

११ इस्फंदार
गंगू आईकडं परत आली! कमलनगरहून रुळाच्या कडेकडेनं चालत, अनवाणी. तेव्हापासून बोलत नाही म्हणे. पाणी भरते, भाकऱ्या थापते, अवाक्षर नाही. शरणप्पाचा पुन्हा अर्ज, हुकूम मोडला म्हणून.

२० इस्फंदार, दुपार
कचेरीतच लिहितोय.

साहेबांनी गंगूला तीनदा विचारलं. मी आधी पुस्तकी मराठीत, मग तिच्या बोलीत, "बाई, जायाचं हाय का न्हाई, येवढंच सांग." माझ्याकडं नुसतं बघत राहिली. ओठ हललासुद्धा नाही.

वकील म्हणाला, "ख़ामोशी नीम रज़ा." गप्प म्हणजे अर्धी कबुली. त्यानं अर्धी म्हटली, साहेबांनी पुरी केली. "रज़ामंद लिखिए. दस्तख़त आपके." आणि जेवायला उठले.

तिचा बोललेला शब्द यांना पुरला नाही. न बोललेला मात्र बरा पुरतो. मी दौतीचं बूच काढलं नाही. नोकरी जाईल. जाईल तर...

मधेच नागाबाई दाराशी आली. मागं ओसरीवर शरणप्पा खांबाला टेकून सुपारी कातरत होता.
"रावसाब, पोरीचं मी बोलू का? आत घेतील का मला?"
अडकित्ता थांबला. "अक्का," शरणप्पा म्हणाला. "अक्का, घरी चल."
तिनं वळून त्याच्याकडं बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. पण उंबऱ्यावरून मागं सरली नाही.

मी तिला आत बाकावर बसवलंय. साहेब अजून यायचेत.